अमरावती-अकोल्यात राहून मोबाईलवर नोकरी कशी शोधायची? संपूर्ण माहिती

रिझल्ट लागला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच प्रश्न असतो, "मग आता पुण्याला कधी जातो?" पुण्याला जायला माझी ना नाही. पण हातात कॉल नसताना तिथे रूम घेतली, तर दोन-तीन महिन्यांत घरचे पैसे संपतात. म्हणून मी म्हणतो, आधी मोबाईलवरून शोध पक्का करा, मग बॅग भरा. चला तर मग, एकेक मार्ग पाहूया.

१) महास्वयम पोर्टल

पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच्या कार्डासाठी ऑफिसात रांग लावावी लागायची. आता तीच नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर फुकट होते.

- ब्राउझरमध्ये 'रोजगार महास्वयम' शोधा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघूनच उघडा.
- नोकरी शोधणारे म्हणून नोंदणी करा. आधार नंबर आणि चालू मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी येतो.
- शिक्षण आणि कौशल्यं पूर्ण भरा. अर्धवट प्रोफाइल कोणी बघत नाही.

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे 'पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावे' याच पोर्टलवर दिसतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणीही इथेच ठेवली गेली. त्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. पण लक्षात ठेवा, हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही.

२) नॅशनल करिअर सर्व्हिस

केंद्र सरकारचं हे पोर्टल जुलै २०१५ मध्ये सुरू झालं. यावर देशभरातल्या जागा दिसतात. जिल्हा निवडायची सोय आहे, म्हणून अमरावती, अकोला आणि नागपूर असं तिन्हीकडे शोधून बघा.

३) अप्रेंटिसशिप

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! हे चक्र तोडायला अप्रेंटिसशिप कामी येते. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी 'नॅट्स' पोर्टल आहे, आयटीआयवाल्यांसाठी 'अप्रेंटिसशिप इंडिया'. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते. अर्ज करताना चालू दर पोर्टलवर बघून घ्या.

४) लिंक्डइनचा खरा उपयोग

नुसतं प्रोफाइल बनवून काही होत नाही. आपल्या कॉलेजचं किंवा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं पेज उघडा आणि 'ॲल्युमनाय' वर टॅप करा. आपले सीनियर कुठे, कोणत्या कामावर आहेत ते दिसतं. त्यांना थेट "सर, जॉब द्या" असं लिहू नका. "मी तुमच्याच कॉलेजचा आहे, फ्रेशरसाठी तुमच्याकडे काय लागतं?" असं विचारा. माझ्या मते उत्तर यायची शक्यता अशानेच वाढते.

५) जवळचे उद्योग विसरू नका

अमरावतीजवळ नांदगाव पेठ एमआयडीसीत कापड उद्योग आहे, आणि तिथल्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अकोल्यात डाळ मिल आहेत, कृषी विद्यापीठ आहे. लहान कारखाने ऑनलाइन जाहिरात देतीलच असं नाही. गूगल मॅपवर नंबर काढा, फोन करा आणि रिझ्युम घेऊन स्वतः जा.

अर्जाआधी एवढं तयार ठेवा

- एक-दोन पानांचा रिझ्युम, पीडीएफमध्ये. फाइलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू फायनल २' नको.
- साधा ईमेल आयडी.
- डिजिलॉकरमध्ये मार्कशीट.
- कुठे, कधी अर्ज केला याची नोट.

पैसे मागितले की थांबा!

रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग किट... नाव काहीही असो, चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. (सरकारी भरतीची परीक्षा फी वेगळी, तीसुद्धा अधिकृत साइटवरच भरा.) टेलिग्रामवर 'लाइक करा, कमवा' म्हणणारे आधी शे-दोनशे देतात आणि मग हजारो उकळतात. व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात कंपनीच्या मूळ साइटवर तपासा, शेवटची तारीखही बघा. पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आज फक्त दोन कामं करा, महास्वयम नोंदणी आणि रिझ्युमची पीडीएफ. बाकी रोज अर्धा तास पुरे. काही अडलं तर नक्की विचारा, आणि ही माहिती आपल्या मित्र-मैत्रिणींनाही पाठवा.