तुटलेला तंतू आणि अर्धा वाचलेला ग्रंथ

बोट खोलवर कापले गेले तर ते बधिर होते, परंतु काही महिन्यांनी त्यात पुन्हा मुंग्या येऊ लागतात आणि हळूहळू स्पर्श परततो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला असता मात्र पाय जातात ते बहुधा कायमचेच. एकाच देहात हे दोन न्याय का असावेत? या प्रश्नाचा इतिहास वाचीत असता, शास्त्राच्या दप्तरातही आमच्या दप्तरासारखेच घडते, हे पाहून आम्हांस मौज वाटली आणि खेदही झाला.

1850 साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू छेदून पाहिले. छेदापलीकडचा भाग थोड्याच दिवसांत विरून जातो, असे त्यास आढळले. मग नवा तंतू येतो कोठून? यावर पुढे मोठा वाद माजला. तुटलेल्या टोकाच्या आवरणातील पेशीच आपापल्या जागी नवा तंतू घडवितात, असे जर्मनीतील अल्ब्रेख्त बेथे याचे म्हणणे. या पक्षाविरुद्ध उभा राहिला माद्रिदचा सांतियागो रामोन इ काहाल. त्याने 1890 साली कोंबडीच्या गर्भात तंतूचे वाढते टोक ओळखले होते. 1903 मध्ये चांदीच्या क्षाराने तंतू रंगविण्याची नवी रीत त्याने काढली. तिच्या साह्याने त्याने दाखविले की, मुळाकडच्या तुटक्या टोकासच धुमारे फुटतात आणि जुन्या, रिकाम्या झालेल्या आवरणांच्या वाटेने ते पुढे सरकतात. ही वाटचाल दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. दंडापाशी दुखावलेला तंतू बोटाच्या टोकाशी पोचावयास वर्षाहून अधिक काळ का लागतो, याचा उलगडा या एका आकड्याने होतो.

मज्जारज्जूत व मेंदूतही धुमारे फुटतात, हे काहालने पाहिले. परंतु ते थोडके वाढून खुंटतात. प्रौढ प्राण्याच्या मेंदूतील वाटा कायमच्या ठरलेल्या असून तेथे नवे काही उगवत नाही, असा निष्कर्ष त्याने लिहिला. हा कठोर निवाडा बदलणे शक्य असेल तर ते काम पुढील शास्त्राचे, असेही त्याने त्याच ओघात नमूद केले.

ज्या ग्रंथात हे आले तो 1913-14 मध्ये दोन खंडांत निघाला. त्याच्या छपाईचा खर्च अर्जेंटिनात जाऊन राहिलेल्या स्पॅनिश डॉक्टरांनी वर्गणी करून उचलला. परमुलखात राहून आपल्या भाषेतील ग्रंथासाठी वर्गणी जमविणे म्हणजे काय, ते या अंकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको! ग्रंथ निघाला आणि महायुद्ध पेटले. इंग्रजी भाषांतर यावयास 1928 साल उजाडले.

त्याच ग्रंथात काहालचा शिष्य फ्रान्सिस्को तेल्यो याच्या 1911 च्या प्रयोगाची हकीकत आहे. तेल्योने सशाच्या मांडीतील थोरल्या मज्जातंतूचा तुकडा काढून त्याच्या मेंदूत रोवला. जे तंतू एरवी खुंटत, ते या तुकड्यात शिरून वाढू लागले. म्हणजे शक्ती तंतूच्या अंगी आहे. वाण आहे ती भोवतालच्या पोषणाची, असे काहालने अनुमान केले. परंतु कचेरीत हुकूम तेवढा कागदोपत्री पुढे नकलला जातो आणि त्यामागचे टिपण कोणी उलगडीत नाही, तसेच येथे झाले. निवाडा पाठ्यपुस्तकांत गेला. तेल्यो मागे राहिला. 1940 नंतरच्या दशकात ऑक्सफर्डच्या ले ग्रो क्लार्क यांनी तो प्रयोग पुन्हा करून प्रतिकूल मत दिले. तुकड्यात दिसणारे तंतू नेमके कोणत्या पेशीतून आले, हे खात्रीने सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ते साधन पुढे मिळाले. तंतूच्या टोकास लावलेले एक द्रव्य तंतूमधूनच मागे वाहत मूळ पेशीपर्यंत पोचते, आणि पेशी रंगवून ओळखता येते. 1980 व 1981 साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आल्बेर्तो अग्वायो व त्यांचे सहकारी यांनी त्याचा उपयोग केला. त्यांनी उंदराच्या पायातील मज्जातंतूचा सुमारे 35 मिलिमीटरांचा तुकडा घेऊन मेंदूच्या देठापासून पाठीतील मज्जारज्जूपर्यंत जणू साकव घातला. मेंदूच्या देठातील व मज्जारज्जूतील पेशींचे तंतू त्यात शिरून तीन-तीन सेंटिमीटर वाढले. तेल्यो बरोबर होता! योगायोग असा की, हे अग्वायो जन्माने अर्जेंटिनाचे. ज्या देशातील वर्गणीवर काहालचा ग्रंथ छापला गेला, तेथलेच.

मात्र साकवाच्या दुसऱ्या टोकास आलेले तंतू मज्जारज्जूत पुन्हा शिरताच एक-दोन मिलिमीटरांत थबकले. स्वित्झर्लंडमधील मार्टिन श्वाब यांनी 1988 पासून दाखवून दिले की, तेथील तंतूंच्या स्निग्ध वेष्टनातच वाढ रोखणारी प्रथिने असतात. काहालला पोषणाचा अभाव दिसला होता. तेथे मनाईही होती. ती उठविण्याचे प्रयोग उंदरांवर काही अंशी साधले आहेत, माणसांवर त्यांच्या चाचण्याही झाल्या आहेत. पण मज्जारज्जू पुरता तुटलेल्या रोग्यास पूर्ववत् चालविणारा उपचार अद्याप हाती आलेला नाही.