कर्झनसाहेबांचे वय

गेल्या वर्षी देवस्थानच्या जमिनीच्या कागदांसाठी आमच्या गावचे दोन वृद्ध महाजन एका सरकारी कचेरीत गेले होते. वकील या नात्याने मीही त्यांच्याबरोबर होतो. कागद चाळता चाळता कारकुनाने, "लबाडी तुम्हा लोकांच्या रक्तातच आहे," असा शेरा मारला. त्यासरशी महाजनांपैकी एकजण आपल्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची सचोटी सांगू लागले. ते बोलत राहिले आणि कारकून न्यायाधीशासारखा ऐकत राहिला. परतताना मला १९०५ सालची एक हकीकत आठवली. पुष्कळांच्या ती कानांवर असेल. परंतु वकिलाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्याजोगी आहे.

त्या वर्षी ११ फेब्रुवारीस कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. कुलपतींच्या आसनावर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. व्हाइसरॉय झाला तरी तोही सरकारी नोकरच. वर्षाला सुमारे अडीच लाख रुपयांचा त्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. समोर बसलेल्या तरुण पदवीधरांना कर्झनसाहेबांनी उपदेश केला तो असा : सत्याचा परमोच्च आदर्श ही बव्हंशी पाश्चात्त्य कल्पना आहे, पश्चिमेच्या नीतिविचारात सत्याला आधी उच्च स्थान मिळाले, आणि पूर्वेकडे कावेबाजपणाचाच बोलबाला होत आला. भाषण मोठ्या सावधगिरीने रचलेले होते. सगळे युरोपीय सत्यवादी असतात किंवा आशियातील लोक जाणूनबुजून खोटे बोलतात, असा आपला दावा नसल्याची पुस्तीही त्यांनी जोडली होती. दस्तऐवज लिहिणाऱ्यांना अशी कलमे परिचित असतात. पहिल्या कलमाने घाव घालावा, दुसऱ्याने हात झटकावेत.

याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? १८९८ साली दंडविधानात १५३-अ हे कलम नव्याने आले होते. प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैरभाव पसरविणाऱ्यास त्याने शिक्षा सांगितली होती. परंतु सरकारच्या अनुमतीवाचून त्या कलमाखाली खटला उभा राहत नसे. म्हणजे व्हाइसरॉयविरुद्ध अनुमती मागावयाची ती व्हाइसरॉयच्याच सरकारकडे किंवा त्याच्या हाताखालच्या प्रांतिक सरकारकडे! शब्दांबद्दल शिक्षा कोणाला होत असे, हे टिळकांनी १८९७ साली १८ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा ऐकून घेतली, त्यावरून देशाला कळले होते.

उरले उत्तर. हरिश्चंद्राचे नाव घ्यावे, उपनिषदे उघडावीत, हे कोणालाही सुचावे. त्यात तथ्यही होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यातील पहिलीच आज्ञा सत्य बोलण्याची आहे. पदवीदानाच्या भाषणाला याहून जुना दाखला कोठे मिळावा? तरीही हे उत्तर मला दुबळे वाटते. आरोप करणाऱ्याने पुरावा दिलेलाच नसता आपण निर्दोषत्वाचे कागद घेऊन उभे राहतो, आणि तेवढ्याने त्याला न्यायाधीशाची खुर्ची आपण होऊन देऊन टाकतो.

'अमृत बझार पत्रिके'ने ही खुर्ची दिली नाही. भगिनी निवेदितांनी कर्झनसाहेबांच्याच एका पुस्तकाकडे बोट दाखविले. 'प्रॉब्लेम्स ऑफ द फार ईस्ट' हे ते पुस्तक, १८९४ साली प्रसिद्ध झालेले. त्यात साहेबांनी आपल्या कोरियाच्या प्रवासातील एक गंमत सांगितली आहे. त्या देशात ३३ वर्षांच्या माणसाला मान नाही, म्हणून खरे वय सांगू नये, असे त्यांना कोणीतरी बजावले होते. परराष्ट्र खात्याच्या वृद्ध अध्यक्षाने वय विचारताच साहेबांनी चाळीस सांगितले. मग आपण इंग्लंडच्या राणीचे जवळचे नातलग असाल, अशी त्या अध्यक्षाची समजूत दिसली. ती नाकारावी लागली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यावर साहेबांनी हळूच सांगितले की, आपला अजून विवाह झालेला नाही. वृद्धाची मर्जी पुन्हा जडली. १३ फेब्रुवारीस पत्रिकेने हा मजकूर आणि पदवीदानाचे भाषण शेजारी शेजारी छापले. देश हसला.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १४६ व्या कलमाने उलटतपासणी करणाऱ्यास एक मोठे हत्यार दिले होते : साक्षीदाराच्या शीलावर बोट ठेवून त्याची विश्वासार्हता डळमळीत करणारे प्रश्न विचारण्याची मुभा. आता तो कायदा जाऊन २०२३ चा आला, तरी हत्यार तेच आहे. पत्रिकेने ते चालविले. यावर कोणी म्हणेल, प्रवासातील थट्टा ती, तिच्यावरून काय सिद्ध होते? हिंदुस्थानाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. मात्र साहेबांनी ती गोष्ट लपविली नव्हती. चातुर्य म्हणून मिरविली होती. कोरियाच्या अध्यक्षाने साहेबांना असेच फसविले असते, तर त्याच पुस्तकात त्याची नोंद पौर्वात्य कावा म्हणून झाली नसती काय? कृत्य एकच, पण करणारा कोण यावरून त्याचे नाव बदलते. ही गोष्ट दोन रकान्यांनी जितकी उघडी पाडली, तितकी ती हरिश्चंद्राच्या दहा आख्यानांनीही पडली नसती.

मार्चमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये निषेधसभा भरली. अध्यक्ष होते डॉ. रासबिहारी घोष, गहाणाच्या कायद्यावरील त्यांच्या ग्रंथामुळे वकिलांना आजही माहीत असलेले. सभामंच हा या कायदेपंडिताचा पिंड नव्हे. (पुढे १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये ज्या सभेत दक्षिणी जोडा उडाला, तिचेही अध्यक्ष हेच!) अशा माणसाला सभेत आणून बसविण्याचे श्रेय कर्झनसाहेबांच्या त्या एका भाषणाला द्यावे लागेल. जुलैमध्ये वंगभंगाचा निर्णय जाहीर झाला, १६ ऑक्टोबरला तो अमलात आला, आणि नोव्हेंबरात साहेब मायदेशी निघून गेले. डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्या कारकिर्दीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. शब्द तोलून मापून वापरणाऱ्या गोखल्यांच्या तोंडून ती आली, हे ध्यानात घ्यावे.

कचेरीत आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा महाजनांना मी गप्प बसण्याची विनंती केली. कारकुनापुढे अर्ज ठेवला आणि मागच्या खेपेचा शेरा त्यावर लिहून खाली सही करावी, एवढेच त्याला सांगितले. त्याने अर्ज दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना भेटून आला आणि सही न करताच परत दिला. शेरा पुन्हा मारला नाही. कागद मिळावयास मात्र आणखी तीन आठवडे लागले.