मुळांचा निरोप: टारफुल्यापासून वाटाण्याच्या कलमापर्यंत

ज्वारीच्या रानात ज्यांचं बालपण गेलं त्यांना टारफुला माहीत असेल. शंकर पाटलांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं. दिसायला नाजूक, फूल छान, पण ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारं हे तण. त्याचं बी खसखशीहूनही बारीक असतं आणि वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं. जवळ योग्य मूळ आलं की मगच ते रुजतं. आता प्रश्न असा, की डोळे नाहीत, कान नाहीत, मग त्या बियाला कळतं कसं?

उत्तर मुळातून झिरपणाऱ्या रसायनात होतं. 1966 साली अमेरिकेत कुक आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं स्ट्रायगॉल. गंमत बघा, ते सापडलं कापसाच्या मुळांत, आणि कापसावर टारफुला जगतच नाही! स्वतःच्या मुळावर येणारं रसायन झाड बाहेर सोडतं तरी कशाला, हे कोडं त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तसंच राहिलं.

ते तिथेच ठेवू आणि दुसऱ्या गल्लीत जाऊ. तुळशीचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात, हे घरोघरी माहीत आहे. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन बाजूचे डोळे दाबून ठेवतं, हे स्कूग आणि थिमन यांनी 1930च्या दशकातच दाखवलं होतं. पण ऑक्सिन स्वतः त्या डोळ्यांत शिरत नाही. म्हणजे मध्ये कुणीतरी निरोप्या हवा. 1955मध्ये स्कूग आणि मिलर यांच्या प्रयोगशाळेत पेशी विभागायला लावणारं कायनेटिन सापडलं, आणि त्यातून सायटोकायनिन या गटाची ओळख झाली. पुढे हान्स केंडे यांना सूर्यफुलाचं खोड कापल्यावर मुळाकडून वर येणाऱ्या रसात सायटोकायनिन मिळालं. चित्र अगदी सोपं झालं: मूळ सायटोकायनिन वर पाठवतं, डोळे फुटतात.

पण चित्र फारच सोपं झालं की मला जरा शंका येते. इथे ती खरी ठरली.

वाटाण्याचे काही वाण जन्मतःच फांद्यांनी गच्च भरतात. लॅटिनमध्ये त्यांना 'रॅमोसस' म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्रिस्टीन बेव्हरिज आणि सहकाऱ्यांनी यातल्या काही वाणांचा जलवाहिन्यांतला रस तपासला. अपेक्षा काय? सायटोकायनिन भरपूर असणार. निघालं उलटंच, साध्या वाटाण्याहून कितीतरी कमी! म्हणजे फांद्या फुटण्याचं कारण सायटोकायनिनचा पूर नव्हता. मुळाकडून 'फुटू नका' असं सांगणारं काहीतरी तिथे कमी पडत होतं.

मग कलमं केली. आंब्याला करतो तशीच, फक्त रोपं कोवळी. अशा एका फांदाळ वाणाचा, रॅमोसस-1चा, शेंडा साध्या वाटाण्याच्या खुंटावर बांधला, आणि शेंडा शहाण्यासारखा वाढला. मुळात हवं ते होतं, आणि ते वर जात होतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे मूळही फांदाळ आणि शेंडाही फांदाळ ठेवून मध्ये साध्या खोडाचा लहानसा तुकडा बसवला, तरी काम झालं. साध्या वाटाण्याचा शेंडा फांदाळ मुळावर बसवला तरी तो बिघडला नाही. म्हणजे मूळ हा एकमेव कारखाना नाही, खोडही तो माल बनवतं. रॅमोसस-4 या वाणाला मात्र कुठल्याच मुळाने फरक पडला नाही. निरोप पोचत होता, ऐकणारा बहिरा होता.

रॅमोसस-1मध्ये बिघडलेलं जनुक कॅरोटिनॉइड कापणाऱ्या विकराचं निघालं. गाजराला रंग देतात ना, त्याच कुळातली ही द्रव्यं. आणि 2005मध्ये कळलं की स्ट्रायगॉलचं कुळ, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन, कॅरोटिनॉइडांपासूनच बनतं! त्याच वर्षी जपानमध्ये अकियामा आणि सहकाऱ्यांनी जुनं कोडंही सोडवलं. मुळांना फॉस्फरस मिळवून देणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी झाड ही हाक देतं. टारफुला ती चोरून ऐकतो, एवढंच.

आता दोन्ही गल्ल्या मिळतात. सप्टेंबर 2008मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख आले, एक वाटाण्यावर फ्रान्सचा, दुसरा भातावर जपानचा. फांदाळ रोपांत स्ट्रायगोलॅक्टोन अत्यल्प होतं, आणि वरून दिलं की डोळे गप्प बसत. जमिनीत फॉस्फरस कमी पडला की अनेक झाडांची मुळं हे द्रव्य जास्त बनवतात. एकाच निरोपाने खाली बुरशी येते आणि वर फांद्यांचा खर्च थांबतो. काटकसरी गृहिणीचं डोकं आहे हे!

तो वर नेमका कोणत्या वाटेने जातो, यावर अजून वाद आहे. 2011मध्ये टोमॅटोच्या जलवाहिन्यांतल्या रसात तो सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तर 2015मध्ये दुसऱ्या एका गटाने तो वर जातो पण जलवाहिन्यांतून नाही, असं मांडलं. पेटुनियात तो पेशीबाहेर काढणारं वाहक प्रथिन 2012मध्ये मिळालं, म्हणजे पेशीतून पेशीत सरकण्याची सोय निदान आहे.

आणि ज्वारीचं काय झालं? टारफुल्याला तोंड देणाऱ्या ज्वारीच्या वाणांसाठी गेबिसा एजेटा यांना 2009चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. त्या प्रतिकाराचं एक कारण 2017मध्ये उलगडलं. तशा ज्वारीची मुळंही स्ट्रायगोलॅक्टोन सोडतात, पण त्याच्या रेणूची घडण थोडी वेगळी असते, आणि टारफुल्याचं बी त्याला फारशी दाद देत नाही.