बाळ ‘हालू’ कधी लागते?

इंग्लंडमध्ये पूर्वी फाशीची शिक्षा झालेली स्त्री आपण गरोदर असल्याचे न्यायालयास सांगू शकत असे. मग तिला तपासण्यासाठी जाणत्या बायकांचे पंच नेमले जात. पोटातले बाळ हालते आहे असे त्यांनी सांगितले, तरच फाशी बाळंतपणापर्यंत लांबे. ही पद्धत १९३१ साली कायद्याने संपली. तेथील १८०३ च्या कायद्यानेही हीच खूण धरली होती. बाळ हालू लागल्यावर गर्भपात घडवणाऱ्यास देहदंड, त्याआधी घडवल्यास सौम्य शिक्षा. हालचालीबरोबर गर्भात जीव येतो, ही त्यामागची जुनी समजूत.

सोनोग्राफीने वेगळेच दाखवले. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हालत असतो. पण तेव्हा तो दीडएक सेंटिमीटरचा असतो आणि गर्भजलात तरंगत असतो. त्यामुळे आईला काहीच जाणवत नाही. ही हालचाल तिला जाणवते ती साधारण १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, पहिलटकरणीला जरा उशिरा. म्हणजे त्या दिवशी हालचाल सुरू होत नाही, ती आईला कळू लागते.

इंग्लंडने गर्भपाताच्या कायद्यातला हा भेद १८३७ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे मात्र तो १८६० च्या भारतीय दंड संहितेत आला आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही राहिला. बेकायदा गर्भपात घडवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, बाळ हालू लागलेले असल्यास सात.

एखादी गोष्ट घडणे आणि ती आपल्याला कळणे यांत आपण आणखी कोठे गल्लत करतो, हे वर्गात विचारून पाहावे.