वखारीत झालेली सवय

निपाणीच्या तंबाखूचा इतिहास आपण भावाच्या अंगाने लिहितो. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग रोखला, 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. तो लढा विसरता येणारच नाही. पण वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायांच्या छातीचाही इतिहास आहे. ‘त्यांना सवय झाली होती,’ असे सांगितले जाते. ही सवय म्हणजे काय, ते पेशींना विचारावे. श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी धूळ आणि कफ वर ढकलतात. तंबाखूच्या धुराचा मारा वर्षानुवर्षे चालला की त्यांच्या जागी चपट्या, चिवट पेशी येतात. त्या तग धरतात, पण कफ हलवत नाहीत. मारा लवकर थांबला तर हा बदल उलटू शकतो. चालूच राहिला तर पेशी मरतात, काही कर्करोगाकडे वळतात. वखारीत धूर नव्हे, धूळ होती आणि चुलीचा धूर घरोघरी होता, हा आक्षेप रास्त आहे; प्रत्येक खोकला वखारीच्या माथी मारता येणार नाही. तरी तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटिन कातडीतूनही शरीरात जातेच. याच मजुरीवर घरे उभी राहिली, हे खरे. म्हणूनच मजुरी ठरवताना ही झीज मोजायला हवी होती.