नाणेघाट शिलालेख

नाणेघाट शिलालेख हा सातवाहन काळातील प्राकृत भाषेतील व ब्राह्मी लिपीतील कोरीव लेख आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीतील नाणेघाटाच्या माथ्यावर असलेल्या एका कोरीव दालनाच्या भिंतींवर तो खोदलेला आहे. सातवाहन राणी नागनिका (लेखातील रूप 'नायनिका') हिच्या नावाशी तो निगडित असून सातवाहन घराण्याची वंशावळ, वैदिक यज्ञसंस्था आणि भारतीय अंकचिन्हांचा विकास या तिन्ही विषयांच्या अभ्यासात त्याला मूलभूत साधनाचे स्थान आहे.

स्थान व पार्श्वभूमी

नाणेघाट जुन्नर शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. घाटमाथ्यावर घाटघर हे गाव, तर पायथ्याशी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आहे. जीवधन हा किल्ला माथ्यालगतच उभा आहे. प्राचीन काळी सोपारा व कल्याण या बंदरांतून येणारा माल या घाटाने जुन्नरला आणि तेथून प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जात असे. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राचीन लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी वा उपासनेसाठी कोरलेली आहेत. नाणेघाटातील दालन मात्र राजकुलाच्या स्मारकाचे आहे, हे त्याचे वेगळेपण होय.

घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात व त्यावरून घाटाला हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. शिलालेखात मात्र जकातीचा किंवा रांजणाचा उल्लेख नाही. परीक्षेच्या उत्तरांत ही लोकपरंपरा आणि लेखातील पुरावा यांची गल्लत पुष्कळदा होते.

शोध व वाचन

ब्रिटिश अधिकारी विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडल्यावर त्याच्या वाचनाला दिशा मिळाली. भगवानलाल इंद्रजी यांनी लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास केला, तर गेऑर्ग ब्यूलर याने १८८३ मध्ये लेखाचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. मराठीत वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवरील ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे.

आशय

लेखाचा प्रारंभ देवतांच्या वंदनाने होतो. त्यात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांचा निर्देश आहे. संकर्षण व वासुदेव यांचा एकत्र उल्लेख दख्खनमधील भागवत उपासनेचा प्राचीन पुरावा म्हणून महत्त्वाचा मानला जातो.

यानंतर राणीचे वर्णन येते. ती महारठींच्या कुळातील कन्या, राजाची पत्नी आणि वेदिसिरी व सतिसिरी या कुमारांची माता असून व्रतस्थ जीवन जगते, असे त्यातून कळते. उर्वरित भागात अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, गर्गत्रिरात्र इत्यादी यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा नोंदवल्या आहेत. गाई, हत्ती, घोडे, रथ, गावे, वस्त्रे, रुप्याची पात्रे व कार्षापण नाणी असे दानाचे स्वरूप आहे. एका ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी १०,००१ गाई, तर अन्यत्र २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आढळतो.

प्रतिमा व नामलेख

दालनाच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या असून आता पावलांच्या खुणाच उरल्या आहेत. प्रतिमांच्या वरचे सहा नामलेख वाचले गेले. त्यांत सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सिरि सातकणि, कुमार भाय (पुढील अक्षरे अस्पष्ट), महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन ही नावे आहेत.

अंकचिन्हे

अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाचे स्थान मोठे आहे. अशोकाच्या लेखांत अंकचिन्हे मोजकीच आढळतात, तर येथे १, २, ४, ६, ७ व ९ यांच्यासह दहा, वीस, ऐंशी, शंभर व हजार यांची चिन्हेही मिळतात. त्यांतील काही चिन्हांचे आजच्या नागरी अंकांशी साम्य दिसते. तथापि ही स्थानमूल्य पद्धती नाही व येथे शून्याचे चिन्हही नाही. २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार व चारशे अशा तीन स्वतंत्र चिन्हांनी लिहिली आहे. हजाराच्या चिन्हाला वीसचे चिन्ह जोडले की वीस हजार होतात. त्यामुळे 'नाणेघाटात शून्य सापडले' हे विधान चुकीचे ठरते.

मतभेद

लेखाच्या काळाबद्दल एकमत नाही. ब्यूलरने तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात ठेवला. अक्षरवळणाच्या आधारे नंतरच्या अनेक अभ्यासकांनी इ.स.पू. पहिले शतक सुचवले आहे.

दुसरा वाद वंशावळीचा आहे. पुराणांत सिमुक, त्याचा भाऊ कृष्ण आणि कृष्णाचा पुत्र सातकर्णी असा क्रम आहे. कृष्णाचे अस्तित्व नाशिक येथील लेखाने सिद्ध होते, मात्र नाणेघाटच्या उपलब्ध नामलेखांत त्याचे नाव नाही. यावरून सातकर्णी हा सिमुकाचाच पुत्र असावा, असे काही इतिहासकार मानतात. काही नामलेख नष्ट झाले असण्याची शक्यता असल्यामुळे केवळ अनुल्लेखावर आधारलेला हा तर्क निर्णायक म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न यज्ञकर्त्याचा आहे. वैदिक विधीत स्त्री एकटी यजमान होत नाही. म्हणून यज्ञ राजाने केले व राणी त्यांत सहधर्मचारिणी होती, असे अनेकांचे मत आहे. नागनिकेने हे यज्ञ स्वतंत्रपणे केले, असे निःसंदिग्धपणे सांगता येईल इतका मजकूर शिल्लक नाही.

महत्त्व

गौतमीपुत्र सातकर्णीला क्षत्रियांचा अभिमान मोडणारा म्हणणाऱ्या नाशिक प्रशस्तीच्या पूर्वीचे, आरंभीच्या सातवाहनांचे चित्र या लेखातून मिळते. वैदिक यज्ञ करणारे राजकुल आणि बौद्ध लेण्यांना मिळणारा आश्रय या दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात नांदत होत्या, हेही त्यावरून ध्यानात येते. राजाच्या जोडीने राणीची प्रतिमा व नाव कोरले जाणे प्राचीन भारतात विरळ होय. ऊन, पाऊस व वारा यांनी लेखाचा बराच भाग झिजला आहे. गळालेल्या अक्षरांची पूर्ती अनुमानानेच करावी लागते, आणि वरील मतभेदांचे मूळही बव्हंशी त्यातच आहे. दालनाला भेट देणाऱ्यांनी भिंतींना स्पर्श न करणे व त्यांवर काहीही न कोरणे, हे उरलेली अक्षरे टिकण्यासाठी आवश्यक आहे.