इंधनबचत, स्वयंपाकघरातील

अन्न शिजविण्यासाठी जाळलेल्या इंधनातील उष्णतेचा अधिकात अधिक भाग भांड्यापर्यंत पोहोचविणे व तेथे टिकवून धरणे, म्हणजे स्वयंपाकघरातील इंधनबचत होय. उघड्या चुलीत सरपणातील उष्णतेपैकी सु. १० टक्केच भाग अन्नाला मिळतो. उरलेला धूर व तापलेली हवा यांवाटे वाया जातो. सरपण गोळा करणे व धुरात बसून रांधणे ही कामे मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्यास आल्याने भारतात हा प्रश्न केवळ काटकसरीचा न राहता त्यांच्या श्रमांचा व आरोग्याचाही ठरला.

महाराष्ट्रातील मातीच्या चुलीला जोडलेला वैल हे बचतीचे जुने साधन होय. चुलीतून निघणारी झळ बाजूच्या तोंडाकडे वळवून तीवर दुसरे भांडे ठेवण्यात येई. कडधान्ये आदल्या रात्री भिजत घालणे, सरपण वाळवून वापरणे, उरलेल्या निखाऱ्यांवर दूध तापत ठेवणे हेही याच दृष्टीचे प्रघात होत. भांड्यावर झाकण ठेवण्याचे महत्त्व शास्त्रीय दृष्ट्याही मोठे आहे. नेहमीच्या तपमानाच्या पाण्याला उकळी आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सु. सातपट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास लागते. उकळी आल्यानंतर आच वाढविल्याने पाण्याचे तपमान वाढत नाही, केवळ वाफ अधिक होते. म्हणून त्यापुढे मंद आच पुरेशी असते.

वाफ कोंडून तपमान वाढविण्याचे तत्त्व देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये आपल्या पाचकपात्रात योजिले. आजच्या प्रेशर कुकरमध्ये तपमान सु. १२०° से.पर्यंत जात असल्याने अन्न लवकर शिजते. भारतात त्याचे उत्पादन १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यापूर्वी १९१० मध्ये बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. त्यात एकावर एक रचलेल्या डब्यांतील पदार्थ थोड्या कोळशावर, वाफेने एकाच वेळी शिजत.

चुलीच्या सुधारणेचे संघटित प्रयत्न पुढे झाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धा येथील मगनवाडीत होते; तेथील धुराड्याची चूल ‘मगन चूल’ म्हणून ओळखली गेली. हैदराबाद येथील एस्. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूरविरहित स्वयंपाकघराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाला राष्ट्रीय महत्त्व आले व १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो संपेपर्यंत सु. ३·५ कोटी चुली बसविण्यात आल्या; परंतु त्यांपैकी पुष्कळशा अल्पावधीतच निकामी झाल्या अथवा मोडून टाकण्यात आल्या. धुराडे वेळोवेळी साफ न केल्यास काजळीने तुंबे. घरातील भांडी चुलीच्या तोंडांवर नीट बसत नसत. दुरुस्तीची सोय नसे. धूर कमी झाला, तरी धुराड्याच्या ओढीने उष्णता बाहेर जाऊन काही ठिकाणी सरपण अधिकच लागे. बसविलेल्या चुलींची संख्या मोजली गेली. रोज रांधणाऱ्या स्त्रीची सोय मात्र क्वचितच विचारात घेतली गेली.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा गॅस कोट्यवधी गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचला. तथापि सिलिंडरचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरांत गॅसबरोबर चूलही पेटत राहिली. झाकण, भिजवण व मंद आच यांना वेगळा खर्च किंवा दुरुस्ती लागत नाही आणि चूल असो वा गॅस, त्या सारख्याच उपयोगी पडतात. म्हणूनच या साध्या सवयी अनेक योजनांपेक्षा अधिक काळ टिकल्या. धुराचा प्रश्न मात्र त्यांनी सुटत नाही. त्यासाठी परवडणारे स्वच्छ इंधनच आवश्यक आहे.